भिंतीचा मेकओव्हर? आधी पेपर उतरवा!

दिवाळी महिन्यावर आली की पुण्यात नोकरी करणाऱ्या नगरकरांच्या फोनवर एकच विषय सुरू होतो... घराचा रंग! 2024 मध्ये नगरचं अहिल्यानगर झालं, तरी एसटीत बसताना तोंडात ‘नगर’च येतं. आणि तिथल्या घरी, हॉलमधल्या एका भिंतीवर आठ-दहा वर्षांपूर्वी हौसेनं लावलेला फुलाफुलांचा वॉलपेपर आता डोळ्यांत खुपायला लागलेला असतो. आता हवा असतो टेक्स्चर लुक. स्टुको, मार्बल फिनिश, काहीतरी हटके!

रंगारी येतो, भिंत बघतो आणि म्हणतो, ‘पेपर काढायची कटकट कशाला? वरूनच मारून देतो. दोन दिवसांत काम फिनिश.’

ऐकायला मस्त वाटतं. खिशालाही परवडतं. पण होकार देण्याआधी जरा थांबा.

थर कशाला धरून बसतो?

टेक्स्चर म्हणजे शेवटी गिलावाच. तो भिंतीला धरून बसतो, कारण भिंत खरखरीत असते आणि थोडं पाणी शोषून घेते. मध्ये वॉलपेपर आला की गिलावा भिंतीला नाही, कागदाला धरतो. आणि कागद कशाला? खळीला! ही खळ बहुतेक वेळा पाण्यात विरघळणारी. ओला गिलावा लागला की ती पुन्हा मऊ पडते. पेपरला फुगे येतात, सांधे उचलतात आणि त्यांच्या रेघा वरच्या डिझाइनमधून डोकावायला लागतात. पेपर प्लास्टिकचा, म्हणजे व्हिनाइलचा असेल तर वेगळीच पंचाईत. त्या गुळगुळीत पृष्ठभागावर गिलावा धरतच नाही.

वजनाचंही गणित बघा. दहा बाय दहा फुटांच्या भिंतीवर दोन मिलिमीटरचा थर द्यायचा तर साधारण 18-19 लिटर माल लागतो. ओला असताना त्याचं वजन तीस किलोच्या आसपास भरतं. एवढा भार आठ-दहा वर्षांपूर्वीच्या खळीनं पेलायचा?

पेपरच्या मागे काय दडलंय?

माझ्या एका मैत्रिणीच्या सावेडीतल्या घरी गेल्या वर्षी हाच बेत शिजत होता. आईचा हट्ट एवढाच, की आधी एक कोपरा उचकटून बघू. उचकटला, तर मागे काळी बुरशी! पलीकडे बाथरूम. पाइपातून हळूहळू पाझरणारं पाणी त्या भिंतीत मुरत होतं आणि वॉलपेपरनं ते गुपचूप झाकून ठेवलं होतं. तिच्या बाबांना दमा आहे आणि ते दिवसभर त्याच हॉलमध्ये बसतात. बुरशीनं दमा बळावतो, हे डॉक्टरांनी सांगायची गरज नाही. त्या दिवाळीला भिंतीला टेक्स्चर मिळालं नाही, पण पाइप बदलला गेला.

मला वाटतं, वरूनच मारण्याचा सगळ्यात मोठा तोटा हाच. पैसे वाया जातातच, पण त्याहून वाईट म्हणजे भिंत काय सांगतेय ते ऐकू येणं बंद होतं. आणि आपण शनिवार-रविवारचे पाहुणे! त्या भिंतीसोबत बारा महिने राहतात ते आई-बाबा.

फराहबागेत एकदा जाऊन या

स्टुको म्हटलं की आपल्याला इटली आठवते. पण नगर शहराबाहेरची फराहबाग कधी नीट बघितलीत? तलावाच्या मधोमध बांधलेला हा अष्टकोनी निजामशाही महाल 1583 मध्ये पूर्ण झाला. आत ओबडधोबड दगड आणि वरून चुन्याचा गिलावा, म्हणजे अस्सल स्टुकोच! जागोजागी तो पडलाय, पण चार शतकांनंतरही कमानींवर टिकून राहिलेले भाग दिसतात.

रहस्य साधं आहे. भाजलेला चुना पाण्यात विझवून लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा कडक होतो. खालचा दगड खडबडीत, त्यामुळे पकड घट्ट. शिवाय चुना श्वास घेतो, आतली ओल बाहेर सोडतो. गावाकडच्या जुन्या वाड्यात चुन्याच्या भिंती असतील तर हे खास लक्षात ठेवा. अशा भिंतीवर पेपर आणि त्यावर प्लास्टिकसारखा अ‍ॅक्रिलिक थर चढवला, की आतली ओल आतच कोंडते आणि पोपडे सुटतात.

मग करायचं काय?

• व्हिनाइलचा वरचा थर आधी कोरडाच सोलून काढा. मागे राहिलेल्या कागदावर कोमट पाणी आणि थोडा लिक्विड सोप स्पंजनं लावा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या आणि रुंद पुट्टी पत्तीनं खरवडा. त्याआधी जवळच्या स्विचबोर्डाची वीज बंद!

• भिंत जिप्सम बोर्डची असेल तर पाणी बेतानंच वापरा.

• खळीचा चिकटपणा राहू देऊ नका. भिंत साध्या पाण्यानं पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

• बोटाच्या पेरानं ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तेवढा जुना गिलावा काढून नवा करा.

• ओल तपासायला प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी टेपनं चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर आधी प्लंबर, मग पेंटर.

• सगळं ठीक असेल तर पुट्टी, प्रायमर आणि मग टेक्स्चर.

पेपर निघतच नसेल तर?

साधा कागदी पेपर असेल, एकच थर असेल, कुठेही सुटलेला नसेल आणि भिंत कोरडी असेल, तरच वरून काम करायचा विचार करा. त्यावर पाण्याचा नाही, ऑइल प्रायमर लावा, म्हणजे खाली खळीपर्यंत पाणी पोचणार नाही. आधी हातभर जागेवर करून बघा आणि आठवडाभर थांबा. फुगा आला तर उत्तर मिळालंच!

खरवडण्यात एक वीकएन्ड जातो, हे खरं. मजुरीही वाढते. म्हणूनच रंगाऱ्याकडून कोटेशन घेताना ‘जुना पेपर काढणे’ ही ओळ वेगळी लिहून घ्या. बजेट कमीच पडत असेल, तर या दिवाळीला पेपर काढून साधा रंग द्या. टेक्स्चर काय, पुढच्या बोनसला!