बोटं विळीवर ठरत नाहीत

ग्रहण आलं की पुण्यातल्या कित्येक घरांत गरोदर सुनेला ताकीद मिळते: विळीला हात लावू नकोस, नाहीतर बाळाची बोटं तुटकी किंवा जुळलेली निघतील. सकाळी मंडईतून आणलेली भाजी टोपलीत पडून राहते आणि ती बाई उपाशीपोटी, एका जागी बसून राहते. पुढे बाळाच्या बोटांत खरंच काही वेगळं निघालं, तर सगळे तिच्याकडेच वळतात: "तेव्हा काय चिरलं होतंस गं?" बोटं कशी घडतात हे एकदा समजलं, तर हा प्रश्न कुणी तिला विचारणार नाही.

गैरसमज : ग्रहणात भाजी चिरली की बाळाची बोटं बिघडतात.

वस्तुस्थिती : ग्रहण म्हणजे पृथ्वीची किंवा चंद्राची सावली. ती गर्भाशयात काहीच करत नाही. शिवाय वेळेचा हिशेबही जुळत नाही. गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यात हाताचा इवलासा अंकुर दिसू लागतो, पाय एक-दोन दिवस मागून येतात. पुढच्या दोन आठवड्यांत वल्ह्यासारखा चपटा पंजा तयार होतो आणि आठवा आठवडा संपेपर्यंत बोटं सुटी झालेली असतात. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणून त्यांच्या कागदावर हा दहावा आठवडा असतो. डोहाळजेवण सातव्या महिन्यात होतं. तोवर बोटं तयार होऊन चार महिने उलटलेले असतात.

गैरसमज : बोटं कोंबासारखी एकेक फुटतात, आणि कधीकधी दोन बोटं नंतर चिकटतात.

वस्तुस्थिती : बोटं फुटत नाहीत, ती कोरली जातात. चपट्या पंजात आधी कूर्चेच्या पाच रेघा उमटतात. मग त्यांच्या मधल्या पेशी, जनुकांनी दिलेल्या संदेशानुसार, मरून जातात आणि बोटं मोकळी होतात. बदकाच्या पायात हा मरणाचा संदेश अडवणारं प्रथिन बोटांमध्ये काम करतं, म्हणून तिथे पडदा टिकतो. जुळलेली बोटं घेऊन आलेल्या अनेक बाळांत हे सुटं होण्याचं काम अपुरं राहिलेलं असतं.

गैरसमज : अंगठ्याचं जनुक वेगळं, करंगळीचं वेगळं.

वस्तुस्थिती : एका बोटाला एक जनुक, असं नसतं. सगळ्या पेशींत जनुकं तीच. आपण कुठे आहोत हे पेशीला कळतं, त्यावर पुढचं ठरतं. मंडईत डोळे मिटून चाललात तरी लसणाचा वास तीव्र झाला की त्याचा गाळा जवळ आल्याचं कळतं, तसंच हे. हाताच्या अंकुरात करंगळीच्या कडेला काही पेशी 'सोनिक हेजहॉग' नावाच्या जनुकाचं प्रथिन सोडतात. ते भरपूर आणि जास्त वेळ मिळालं तिथे करंगळी, कमी मिळालं तिथे पुढची बोटं. अंगठा तर त्याच्याविनाच घडतो. १९६८ मध्ये जॉन साँडर्स आणि मेरी गॅसलिंग यांनी कोंबडीच्या भ्रूणात या कडेचा तुकडा काढून पंखाच्या अंकुराच्या दुसऱ्या कडेला लावला, तेव्हा आरशातल्या प्रतिबिंबासारखी जादा बोटं उगवली. त्यामागचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. अंड्यातला गर्भ उघडून पाहता येतो, म्हणून ही विद्या कोंबडीवर वाढली. पुणे विद्यापीठात प्रा. लीला मुल्हेरकर यांनी याच कोंबडीच्या भ्रूणावरच्या संशोधनाची परंपरा रुजवली.

गैरसमज : सहावं बोट म्हणजे भाग्याची खूण, किंवा मग आईची चूक.

वस्तुस्थिती : दोन्ही नाही. सोनिक हेजहॉग चालू करणारा एक खटका त्या जनुकापासून सुमारे दहा लाख अक्षरं दूर, डीएनएच्या त्याच धाग्यावर असतो. त्यातलं एकच अक्षर बदललं, तरी हे प्रथिन अंगठ्याच्या बाजूलाही तयार होऊ शकतं आणि तिथे जादा बोट येतं. असा बदल आईकडून येऊ शकतो, वडिलांकडून येऊ शकतो किंवा बाळातच पहिल्यांदा घडू शकतो. म्हणून "आमच्या घराण्यात असं कुणी नाही" या वाक्यानं सुनेवर काहीच सिद्ध होत नाही. नुसतं जादा बोट सहसा निरुपद्रवी असतं. मात्र सोबत दुसरं काही नाही ना, हे बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावं. दोरा किंवा केस करकचून बांधून ते घरी गाळू नये. त्यानं जखम चिघळते.

गैरसमज : सगळं जनुकांत आहे, तर बाहेरचं काहीच बाधत नाही.

वस्तुस्थिती : बाधतं, आणि नेमकं त्या पहिल्या आठवड्यांत. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेलं थॅलिडोमाइड गरोदर बायकांनी मळमळीवर घेतलं आणि जगभरात दहा हजारांहून अधिक बाळं आखूड किंवा अपुऱ्या हातापायांची जन्मली. म्हणून दिवस गेल्याची शंका येताच डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध घेऊ नये. रक्तातली वाढलेली साखरही याच आठवड्यांत बाधू शकते, म्हणून मधुमेह असेल तर मूल होऊ देण्याआधीच ती आटोक्यात आणावी.

भीती बाळगायचीच, तर ती मनानं घेतलेल्या गोळीची बाळगा. विळी निर्दोष आहे आणि ती बाईही. पुढच्या ग्रहणाला मंडईतून ताजी भाजी आणा, हवी तशी चिरा, आणि तिला एवढंच विचारा: "जेवलीस का?"