डांबरी रस्त्यापासून दूर

बँकेत असताना काही वर्षे शेतीकर्जाच्या तपासणीचे काम माझ्याकडे होते. कर्ज काढून खोदलेल्या साठ विहिरींपैकी बारा प्रत्यक्ष पाहायच्या आणि अहवाल द्यायचा. मी निवडल्या डांबरी रस्त्यालगतच्या! जीप थेट पोहोचायची, वर चहाही मिळायचा. 'विहिरी समाधानकारक', असा अहवाल गेला. पुढे कर्जे थकली ती डोंगरापलीकडच्या वाडीतली. तिथल्या निम्म्या विहिरींना पाणीच नव्हते. मी खोटे काहीच लिहिले नव्हते. फक्त पाहायचे कुठे, हे माझ्या सोयीने ठरवले होते.

ती जुनी बोच मेळघाटात पुन्हा जागी झाली. उंच सागांकडे पाहत मी म्हणालो, "काय भरगच्च जंगल आहे!" सोबतचे तरुण वनाधिकारी हसले. "काका, वर काय पाहता? खाली पाहा. पोरं कुठं आहेत?"

जंगलाची नवी पिढी मोजायची, तर रोप अन् रोप मोजणे अशक्य. म्हणून आधी नकाशावर वाटणी होते. वनखात्याने पाडलेले कक्ष असतातच; त्यांत पुन्हा ओढ्याकाठची ओल, खडकाळ उतार, दाट सावली, विरळ माळ असे भाग वेगळे काढतात. मग समान अंतरावर उभ्या-आडव्या रेघा. त्या जिथे छेदतील तिथे जायचे. वाटेत चढण असो की करवंदीची जाळी. तिथे ठरलेल्या मापाचा चौकोन आखून आतली रोपे मोजायची.

यातही एक मेख आहे. समजा, दहा चौकोनांत शंभर रोपे सापडली. सरासरी दहा, छान! पण शंभरही एकाच झाडाखाली, एकाच चौकोनात असतील तर? उरलेले नऊ ओसाडच. म्हणून किती चौकोनांत रोपे आहेत, हेही मांडावे लागते. शिवाय यंदाच्या पावसात उगवलेले बोटभर रोप आणि वणवा, गुरे सोसून तगलेले रोप एकाच रकान्यात घालून चालत नाही.

जंगलाचा असा हिशेब आपल्याकडे जुना आहे. 1856 साली डिट्रिख ब्रांडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवनांचे अधिकारी झाले. हत्तीवरून फिरताना ते बांबूवर चाकूने खाचा पाडून, घेराप्रमाणे वर्ग करून साग मोजत. त्यांत कोवळ्या झाडांचाही वर्ग होता. हेच ब्रांडिस 1864 मध्ये हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले.

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने त्या मंडळींबरोबर नकाशावरच्या एका ठिपक्याकडे निघालो. दोन तास चढण, पायात काटे. चौकोन आखला, पाला बाजूला सारला. सागाचे एकही रोप नव्हते. मी सहज म्हणालो, "तिकडे पलीकडे दिसतायत की दोन-चार!" वनरक्षकाने मान हलवली आणि रकान्यात ठळक शून्य लिहिले.

चराई कुठे थांबवायची, वणव्यापासून काय राखायचे, रोपे कुठे लावायची, हे त्या शून्यावरूनच तर कळणार होते! वाचकहो, माझ्या त्या अहवालात असे एखादे शून्य असते, तर त्या वाडीकडे कुणीतरी वेळेवर गेले असते.