कंपने गिळणारी जाळी

आमचे घर इचलकरंजीत. घराला लागूनच पत्र्याची शेड आहे, तिच्यात माग चालतात आणि त्यांतल्या चार मागांवर माझे वडील, अण्णा, गेली पंचवीस वर्षे उभे आहेत. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो, तेथे अडवला जातो आणि पुन्हा उलट फेकला जातो. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा. अण्णांना आता नीट ऐकू येत नाही. मोठ्या आवाजाने कान जातात तेव्हा आधी उंच पट्टीचे सूर जातात. त्यामुळे माणसाचे बोलणे कळते पण शब्द कळत नाहीत, आणि घरात सगळ्यांनाच ओरडून बोलण्याची सवय लागते.

मी कला शाखेचा विद्यार्थी. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीत सुटला तो सुटलाच. तरीही आमच्या महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या सरांनी एकदा बोलता बोलता ‘आवाज गिळणाऱ्या रंगा’चा उल्लेख केला आणि मी त्यांच्या मागेच लागलो. जे समजले ते माझ्यासारख्याच अनभिज्ञ वाचकांसाठी येथे मांडतो.

आधी एक घरगुती प्रयोग. स्टीलची थाळी बोटावर तोलून चमच्याने वाजवा. ती कितीतरी वेळ घणघणत राहते. आता तिच्या पाठीला भिजवलेल्या कणकेचा गोळा थापा आणि पुन्हा वाजवा. ‘ठक्’ होऊन आवाज संपेल. कणकेने आवाज अडवला नाही, थाळीचे कंपनच जिरवले. पोलाद वाकले की तेवढ्याच जोराने परत उसळते, दिलेली ऊर्जा जवळजवळ सगळी परत करते. कणीक परत करीत नाही. ती ऊर्जा तिच्या आतल्या घर्षणात खर्चून किंचित उष्णता होते. या जिरण्याला शास्त्रीय परिभाषेत अवमंदन म्हणतात. पण पत्र्याला कणीक लावून चालत नाही. हवा असतो तो टिकाऊ पदार्थ, थोडा कणकेसारखा आणि थोडा पोलादासारखा.

असे पदार्थ बहुवारिकांत सापडतात. बहुवारिक म्हणजे लहान रेणूंची लांबच लांब साखळी. रबर, प्लॅस्टिक, सरस ही सगळी त्याच गोतावळ्यातली. थंडीत या साखळ्या आखडून बसतात आणि पदार्थ काचेसारखा कडक होतो. उष्णतेत त्या मोकळ्या होतात आणि पदार्थ रबरासारखा लवचिक होतो. या दोहोंच्या सीमेवर साखळ्या हलतात खऱ्या, पण रेंगाळत, मागे राहून. नेमक्या या रेंगाळण्यातच कंपने जिरतात. किती जिरतात ते ‘टॅन डेल्टा’ या आकड्याने मोजतात. ऊर्जेचा जिरणारा भाग आणि साठणारा भाग यांचे ते गुणोत्तर. हा आकडा ०.३ च्या वर असला तर अवमंदनासाठी पदार्थ कामाचा, असा साधारण संकेत आहे.

अडचण अशी की साध्या बहुवारिकात ही सीमा फार अरुंद असते, वीस-तीस अंशांची. इथिल ॲक्रिलेटच्या बहुवारिकाची सीमा शून्याखाली सुमारे २४ अंश सेल्सियसला, तर मिथिल मेथाक्रिलेटची (म्हणजे आपल्या पारदर्शक ॲक्रिलिकची) सुमारे १०५ अंशांना येते. आमच्या शेडचा पत्रा थंडीत पहाटे गारठतो आणि चैत्रात दुपारी हात लावू देत नाही; एवढ्या टप्प्यात दोघांपैकी एकही उपयोगाचा नाही. दोन्ही नुसते मिसळावेत, तर ते तेल-पाण्यासारखे वेगळे होतात आणि आपापल्या जागी दोन वेगळ्या सीमा दाखवतात. मधला प्रदेश रिकामाच!

येथे जाळ्यांची युक्ती उपयोगी पडते. एका बहुवारिकाच्या साखळ्या आडव्या बंधांनी जोडून जाळे करायचे. ते दुसऱ्याच्या द्रव घटकात बुडवले की रसगुल्ला पाकात फुगावा तसे फुगते. मग तो ‘पाक’ आतल्या आतच दुसऱ्या जाळ्यात घट्ट करायचा. दोन्ही जाळी एकमेकांच्या भोकांतून आरपार जातात. त्यांच्यात रासायनिक नाते काही नाही, परंतु तोडल्याशिवाय ती सुटणारही नाहीत. वेगळी व्हायची ओढ असते, पण वाट नसते. परिणामी आत अतिसूक्ष्म कप्पे तयार होतात. कुठे एकाचा अंश जास्त, कुठे दुसऱ्याचा, आणि प्रत्येक कप्प्याची सीमा निराळ्या तापमानाला. सगळ्या मिळून उंच सुळक्याऐवजी बुटके पण रुंद पठार तयार होते. ही रुंदी कंपनाच्या वेगासाठीही लागते, कारण कंपने दसपट जलद झाली की सीमा साधारण ६-७ अंश वर सरकते.

या कल्पनेचा जन्म मात्र आवाज घालवण्यासाठी झाला नाही, तर तो साठवण्यासाठी झाला, ही गंमत मला फार आवडली. एडिसनच्या ग्रामोफोन तबकड्यांत वापरलेले फिनॉलचे राळ ठिसूळ होते. तबकड्या पाव इंच जाड कराव्या लागत. त्याचा रसायनज्ञ जोनास एल्सवर्थ याने त्या राळेत रबर आणि गंधक मिसळले. राळेचे एक जाळे, गंधकाने बांधलेल्या रबराचे दुसरे. त्याचे पेटंट १९१४ चे. आपण काय केले याला नाव आहे हे त्याला कधीच कळले नाही; ‘परस्परभेदी जाळी’ या अर्थाचे इंग्रजी नाव मिलर यांनी १९६० साली दिले. पुढे अमेरिकेतील लीहाय विद्यापीठात स्पर्लिंग आणि थॉमस यांनी अशा जाळ्यांचा कंपनरोधक लेप तयार केला. त्याचे पेटंट १९७४ चे.

लेप नुसता फासला तर तो ताणला-दाबला जातो तेवढाच. त्याच्यावर आणखी एक ताठर थर दिला, तर पत्रा वाकताना लेप दोहोंच्या मध्ये घसटला जातो आणि कितीतरी अधिक ऊर्जा जिरवतो. लेपात अभ्रकाच्या चपट्या कपच्या मिसळतात त्याही याच हेतूने. काचतंतू घातले तर ताकद वाढते, पण जिरवणारा पदार्थच तेवढा कमी होतो. रबराचा अंश वाढवावा तर चिवटपणा येतो आणि ताठरपणा जातो. येथे सगळा व्यवहार देवघेवीचा आहे, आणि सर्वगुणसंपन्न पदार्थाच्या जाहिरातीवर माझा तरी विश्वास बसत नाही.

हे सगळे मी अण्णांना मोठ्याने सांगितले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “मग माग गप्प बसंल का रं?”

नाही बसणार. धोट्याचा ठोका हा आघात आहे. तो जेथे होतो तेथून आवाज सरळ हवेत जातो. लेप उपयोगी पडतो तो त्या आघाताने घणघणणाऱ्या पातळ भागांना. मागाच्या पत्र्याच्या झाकणांना, शेडच्या भिंतीला, छपराला. खटखट राहीलच, तिच्या मागून येणारी झणझण कमी होईल. कानांसाठी बोळे लागतीलच, आणि ते घालायला अण्णा तयार नाहीत. धागा तुटल्याचे आवाजावरून कळते, असे त्यांचे म्हणणे.

मग मी आईकडून कणकेचा गोळा मागून घेतला आणि थाळीचा प्रयोग त्यांच्यापुढे केला. थाळीचा तो बारीक नाद त्यांना मुळी ऐकूच आला नाही. मी पुन्हा वाजवली. तेव्हा त्यांनी थाळीच्या काठाला हलकेच बोट लावले, थोडा वेळ तसेच ठेवले आणि म्हणाले, “हां, आता लाव कणीक.”

मी लावली, आणि चमचा मारला. त्यांनी बोट उचलले नाही.