पंचकर्म केंद्राचा खर्च आणि भ्रमणध्वनी

खडवलीसारख्या गावी छोटे पंचकर्म केंद्र चालविणाऱ्या वैद्याची खरी हानी तैलाच्या दरात नसून वाया गेलेल्या वेळेत असते. परिचारक थांबवावा, तैल कोमट करावे आणि रुग्णाची कसारा लोकल चुकावी. तैल दुसऱ्यास वापरता येते, परिचारकाचा तो तास परत येत नाही. यास्तव मी आता एम-इंडिकेटरवर गाडीची वेळ पाहूनच रुग्णास वेळ देतो. आदल्या सायंकाळी व्हॉट्सॲपवर स्मरणसंदेश पाठवितो. स्नेहनापूर्वीच्या आहाराची सूचना त्यातच असते. नकार आल्यास ती वेळ टिटवाळा वा वासिंदच्या दुसऱ्या रुग्णास देता येते.

जानेवारी २०२० पासून यूपीआयद्वारे थेट बँक खात्यातून येणाऱ्या रकमेवर व्यापाऱ्यास शुल्क पडत नाही. रुग्णाने क्रेडिट कार्ड जोडले असल्यास मात्र पडू शकते. रक्कम जमा झाल्याची घोषणा करणाऱ्या यंत्राचे मासिक भाडे मी दीड वर्ष भरले. एका खाटेच्या केंद्रात ते कशासाठी, हे आजही सांगता येत नाही! गर्दीच्या औषधी दुकानात ते उपयोगी पडेल. दुकानदारांनी आणखी एक पाहावे: २२ सप्टेंबर २०२५ पासून आयुर्वेदीय औषधांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, बिलाच्या ॲपमध्ये जुना दर राहिला नाही ना, हे प्रत्येक औषधापुढे तपासावे.