अर्जन सिंग यांची पदे

व्याकरणात प्रत्यय लागलेल्या शब्दास ‘पद’ म्हणतात. व्यवहारात अधिकाराच्या जागेसही पदच म्हणतात. भारतीय हवाई दलाचे अर्जन सिंग (1919–2017) यांचे चरित्र वाचताना हे दोन्ही अर्थ डोळ्यांपुढे ठेवावे लागतात.

त्यांचा जन्म लायलपूरचा. वाडवडील घोडदळात होते. ते स्वतः क्रॅनवेल येथे शिकून 1939 अखेर वैमानिक अधिकारी झाले. 1944 साली इंफाळच्या लढाईत पहिल्या स्क्वाड्रनचे नेतृत्व करून त्यांनी ‘डी. एफ. सी.’ हे शौर्यपदक मिळविले. घराण्याचा घोडा येथे सुटला असे वाटते. पण भाषा इतक्या सहजी काही सोडीत नाही. ‘मार्शल’ हा शब्द मूळ जर्मानिक : पूर्वपदाचा अर्थ घोडा, उत्तरपदाचा चाकर. आपला मोतद्दारच म्हणा ना! हा चाकर राजाच्या पागेतून दरबारात आणि दरबारातून सेनापतिपदी चढला. 1919 मध्ये ब्रिटिश हवाई दलाने आपली स्वतंत्र पदनामे ठरविली, तेव्हा तो विमानातही बसला. आपल्या भूदलात सुभेदार, रिसालदार टिकले. हवाई दलाने मात्र अधिकाऱ्यांची इंग्रजी नावेच ठेविली.

1 ऑगस्ट 1964 रोजी, वयाच्या 45 व्या वर्षी, अर्जन सिंग दलप्रमुख झाले. अधिकार सर्वोच्च, पण दर्जा एअर मार्शलचा. 1 सप्टेंबर 1965 रोजी छांब भागात पाकिस्तानी रणगाडे घुसले. परवानगी मिळताच सायंकाळी पठाणकोटहून विमाने निघाली. त्यांतील चार जुनाट व्हॅम्पायर परतली नाहीत. 6 तारखेस पठाणकोटच्या तळावर उभी असलेली विमाने शत्रूने जाळली. गौरवपर लेखन ही पाने घाईने उलटते, ते मला उचित वाटत नाही. व्हॅम्पायर आघाडीवरून काढून घेऊन, हे आघात सोसून, युद्धविरामापर्यंत दल लढते ठेवणे ही त्यांची खरी कसोटी होती. जानेवारी 1966 मध्ये ते एअर चीफ मार्शल झाले. हा दर्जा मिळालेले ते पहिलेच भारतीय. जागा तीच राहिली, नाम बदलले.

1969 मध्ये ते निवृत्त झाले. त्यानंतर जानेवारी 2002 मध्ये, वयाच्या 82 व्या वर्षी, त्यांना ‘मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स’ केले गेले. येथे प्रक्रिया उलटी झाली : जागा नाही, नाम आहे. मराठी यास ‘पद’ न म्हणता ‘पदवी’ म्हणेल, आणि तो भेद मार्मिक आहे. लष्करी संकेत मात्र तो मानीत नाही; पंचतारांकित अधिकारी आजन्म सेवेतच समजला जातो. 2015 साली डॉ. अब्दुल कलाम यांच्या पार्थिवापुढे 96 वर्षांचे अर्जन सिंग चाकांच्या खुर्चीतून उठले व त्यांनी सलाम केला.