घरातील वाहने आणि विजेकडे वळण्याचा क्रम

नवा गहू बाजारात आला म्हणून कोणताही शहाणा व्यापारी जुन्या गव्हाची वखार एका दिवसात रिकामी करीत नाही. जुना माल खपत जातो, नवा भरत जातो, आणि काही काळ दोन्ही माल एकाच छपराखाली नांदतात. घरातील वाहनांच्या बाबतीत आज हाच काळ आला आहे. पेट्रोलवर चालणारी वाहने जाऊन विजेवर चालणारी यावयाची आहेत, याविषयी आता फारसे दुमत उरलेले नाही. प्रश्न आहे तो क्रमाचा. कोणते वाहन आधी बदलावे, कोणते मागाहून, आणि कोणते तूर्त तसेच राहू द्यावे, याचा विचार आपल्या सभासद बंधूंच्या व गृहिणींच्या उपयोगी पडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

या वाहनांची थोडी पूर्वपीठिका सांगणे अवश्य आहे. आपल्या देशात २००१ साली बंगळूर येथे ‘रेवा’ नावाची विजेची छोटी मोटार तयार होऊ लागली. परंतु ती थोड्या हौशी लोकांपुरतीच राहिली. खरी गती आली ती २०१९ नंतर. त्या वर्षीच्या १ ऑगस्टपासून विजेच्या वाहनांवरील वस्तू व सेवा कर शेकडा १२ वरून ५ वर आला. २०२० च्या जानेवारीत बजाजची चेतक हे जुने परिचित नाव धारण करून विजेवर बाजारात आली, आणि त्याच महिन्यात टाटांची नेक्सॉन मोटारही विजेवर विक्रीस आली. हिरव्या पाटीवरील पांढऱ्या अक्षरांचे क्रमांक आपल्या इंदूरच्या रस्त्यांवर आता मुलेसुद्धा ओळखतात.

तथापि अशा बदलाला वेळ लागतोच. नॉर्वे देशात २०२४ साली विकल्या गेलेल्या दर १० नव्या मोटारींपैकी जवळजवळ ९ विजेच्या होत्या; तरीही त्याच वर्षी तेथील रस्त्यांवर सर्वांत अधिक संख्या डिझेलच्या मोटारींचीच होती. तेव्हा आपल्या घरात काही वर्षे मिश्र वाहने राहिली, तर त्यात मागासलेपण मानण्याचे कारण नाही.

आता आपल्या सुदामा नगरातील एखादे एकत्र कुटुंब नमुन्यादाखल घेऊ. घरात आजोबांची एक जुनी स्कूटर आहे, ती मंदिरापर्यंत व भाजीबाजारापर्यंत जाते. सूनबाईंची स्कूटर मुलांची शाळा, शिकवणी आणि बाजार करते. थोरले चिरंजीव मोटारसायकलवर रोज सुमारे २५ किलोमीटर दूर पीथमपूरला कारखान्यात जातात व परत येतात. एक मोटार आहे, ती लग्नकार्याला आणि यात्रेला निघते. छावणीच्या मंडीतील दुकानाचे एक मालवाहू तीनचाकी आहे. अशा घरात पहिले काम वाहन खरेदीचे नसून वहीचे आहे. प्रत्येक वाहनाचा एक महिन्याचा रोजमेळ लिहावा: आज किती किलोमीटर चालले, किती इंधन गेले, आणि रात्री ते कोठे उभे राहिले. या तीन रकान्यांतून पुढील सर्व निर्णय आपोआप निघतो.

हिशेबासाठी पेट्रोल लिटरला १०६ रुपये आणि वीज युनिटला ८ रुपये धरू. वाचकांनी आपापल्या बिलातील आकडे घालावेत. ३ युनिटांच्या बॅटरीची स्कूटर पूर्ण भरण्यास, वाटेत वाया जाणारी वीज धरून, सुमारे साडेतीन युनिटे लागतात, म्हणजे २८ रुपये. तीवर शहरात ९० किलोमीटर झाले, तर किलोमीटरला सुमारे ३१ पैसे पडतात. पेट्रोलच्या स्कूटरने लिटरमागे ४५ किलोमीटर दिले, तर तेच अंतर किलोमीटरला सुमारे २ रुपये ३५ पैशांस पडते. बचत किलोमीटरमागे सुमारे २ रुपये.

हीच बचत घरातील तिघांना सारखी मिळत नाही. वर्षाचे ३०० दिवस धरले, तर आजोबांच्या रोजच्या ३ किलोमीटरांत वर्षाला १,८०० रुपये वाचतात. सूनबाईंच्या १२ किलोमीटरांत ७,२०० रुपये वाचतात. चिरंजीवांची मोटारसायकल लिटरला ५५ किलोमीटर देते आणि मोठ्या रस्त्यावरील वेगात विजेचे वाहनही अधिक वीज खाते. तरी रोजच्या ५० किलोमीटरांत वर्षाला २२,००० ते २४,००० रुपये वाचतात. नव्या वाहनास द्यावी लागणारी जादा रक्कम या आकड्याने भागली, की ती किती वर्षांत वसूल होईल ते कळते. पुष्कळ घरांत मात्र उलटा क्रम दिसतो: सर्वांत जुने वाहन आधी बदलतात, मग ते दिवसाला ३ किलोमीटरच का चालत असेना! वाहन जुने किती यापेक्षा ते चालते किती, हे पाहावे.

मोटारीचा हिशेब निराळा आहे. शहरात लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोल मोटार किलोमीटरला सुमारे ७ रुपये खाते. विजेची मोटार घरच्या एका युनिटावर ७ किलोमीटर चालली, तर सव्वा रुपयाच्या आतच भागते. बचत सुमारे ६ रुपये. परंतु विजेच्या मोटारीस ३ लाख रुपये अधिक पडत असतील, तर ते वसूल होण्यास ५०,००० किलोमीटर चालावे लागेल. वर्षाला १५,००० किलोमीटर चालणाऱ्यास सव्वातीन ते साडेतीन वर्षे पुरतात. वर्षाला ५,००० च चालणाऱ्यास १० वर्षे लागतात. शिवाय प्रवासात बाहेरच्या केंद्रावर घेतलेली वीज घरच्यापेक्षा बरीच महाग पडते. सुमारे ८० किलोमीटरांवरील सिद्धवरकूट एका चार्जिंगमध्ये जाऊन-येऊन होऊ शकते. परंतु बडवानीजवळचे बावनगजा सुमारे दीडशे किलोमीटर दूर आहे, आणि घाट, ऊन व भरलेली गाडी यांनी कागदावरील अंतर नेहमीच घटते. तेथे आधी मुक्काम व चार्जिंगची जागा ठरवूनच निघावे. सबब जी मोटार मुख्यतः दूरच्या प्रवासासाठीच आहे, ती घरातून सर्वांत शेवटी बदलावी.

दुकानाच्या तीनचाकीचे गणित मात्र अनुकूल आहे. ठरलेला मार्ग, शहरातलेच अंतर आणि रात्री ठरलेली जागा, या तिन्ही गोष्टी तेथे जुळतात. अशा विजेच्या वाहनातून साधारण ५०० किलो, म्हणजे ५० किलोचे १० कट्टे, छावणीहून सियागंजास सहज पोहोचतात. त्याहून अधिक माल लादला, तर अंतरही घटते आणि बॅटरीही लवकर झिजते.

विजेकडे जाताना मध्ये आणखी एक पायरी आहे, ती सीएनजीची. देवगुराडिया येथे १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेल्या प्रकल्पात रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून सुमारे १७,००० किलो वायू निर्माण करण्याची योजना आहे. आपल्या स्वयंपाकघरातील वेगळा ठेवलेला कचरा शहराच्या बसगाड्या चालवितो, ही इंदूरची भूषणावह गोष्ट होय. दूरच्या प्रवासाची मोटार जुनी झाली असेल आणि विजेचा हिशेब बसत नसेल, तर सीएनजीची मोटार काही वर्षांपुरती योग्य ठरते.

आता सर्वांत महत्त्वाचा विषय, सुरक्षिततेचा. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात काही ठिकाणी विजेच्या स्कूटरींना आगी लागल्या. त्यानंतर बॅटरींच्या परीक्षणाचे नियम कडक करण्यात आले. म्हणून त्यापूर्वीची जुनी स्कूटर किंवा अनोळखी बॅटरी केवळ स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. आपल्याकडे पुष्कळ घरांत खाली वाहने आणि वर राहणे, व दोहोंमध्ये एकच जिना असतो. त्या जिन्याच्या तोंडाशी चार्जिंग करू नये; वरच्या मजल्यावरील वृद्ध व बालके यांची बाहेर पडण्याची वाट तीच असते. मीटरपासून वेगळी जाड तार, उत्तम अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारी कळ एवढे जाणत्या वायरमनकडून बसवून घ्यावे. लांब तारेच्या साध्या बोर्डावर चार्जिंग कधीही करू नये. उन्हातून तापून आलेली बॅटरी थोडी निवू द्यावी. मोटारीचा मोठा चार्जर लावावयाचा असल्यास आधी वीज कंपनीकडून घराचा मंजूर भार वाढवून घ्यावा.

विजेचे वाहन धूर सोडत नाही, म्हणून त्यात हिंसा नाही असे काही बंधू म्हणतात. हे अर्धसत्य आहे. आपल्या प्रदेशाची पुष्कळशी वीज अद्याप कोळशापासून होते. खंडवा जिल्ह्यातील सिंगाजी येथील २,५२० मेगावॅटचे केंद्र हे त्याचे मोठे उदाहरण. शहरातील हवा शुद्ध होते हे खरे, परंतु धूर अन्यत्र निघतो. ज्यांस शक्य आहे त्यांनी छतावर सौर पट्ट्या बसवाव्यात. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांचे साहाय्य ठरविण्यात आले. १ किलोवॅटपासून दिवसाला सरासरी सुमारे ४ युनिटे मिळतात. म्हणजे ३ किलोवॅटचा संच पंखे-दिवे सांभाळून घरच्या दोन स्कूटरींनाही पुरा पडू शकतो.

तात्पर्य, क्रम असा असावा. जे वाहन रोज सर्वांत अधिक चालते, शहराच्या आसपासच फिरते आणि रात्री आपल्याच अंगणात उभे राहते, ते पहिले. एक वर्ष त्याचा अनुभव व वहीतील आकडे पाहून मग दुसरे. एक पेट्रोलचे किंवा सीएनजीचे वाहन मात्र शेवटपर्यंत चालू स्थितीत, विमा भरून ठेवावे, आणि ते कोणा एकाचे न मानता साऱ्या घराचे मानावे. मध्यरात्री दवाखाना गाठण्याची वेळ आली व वीज गेलेली असली, तर तेच उपयोगी पडते. आणि नवे एक आले, की जुने एक गेलेच पाहिजे. नाही तर बदलाच्या नावाखाली अंगणात चाराची सहा वाहने होतात, विमा व दुरुस्ती दीडपट होते, आणि सूनबाईंना आपली स्कूटर बाहेर काढण्यासाठी रोज दोन वाहने हलवावी लागतात. परिग्रहाचे परिमाण ठरविण्याचे व्रत आपणांस नवीन नाही. ते वाहनांनाही लावावे, एवढीच विनंती.