पत आणि तिचा उतारा

‘बाजारात त्याची पत आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या माणसाच्या शब्दावर लोक पैसे सोडायला तयार असतात, एवढाच त्याचा अर्थ. पूर्वी ही पत सावकाराच्या डोक्यात असे. आज तिची वही झाली आहे. ही वही ठेवणाऱ्या चार कंपन्या आपल्या देशात आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क. व्यवहारात चौघींनाही लोक ‘सिबिल’च म्हणतात. बँका आपल्या कर्जांची आणि हप्त्यांची माहिती त्यांना कळवतात. तीवरून ३०० ते ९०० पर्यंतचा एक अंक निघतो, आणि नवे कर्ज देताना बँक तो अंक आधी पाहते.

आता विचार करा. वही आपली, पण ती लिहितात दुसरेच. शेतकरी सातबाऱ्याचा उतारा काढून आपल्या जमिनीवर भलत्याचे नाव तर चढले नाही ना, हे पाहतो. तीच दक्षता पतीविषयी का नसावी? कोणी आपल्या पॅन क्रमांकावर परस्पर कर्ज काढले असेल, तर ते या वहीतच दिसते. मित्राला जामीन राहिलेल्या गृहस्थाने तर ती अवश्य पाहावी. कारण जामीनकीचे कर्जही त्याच्या नावापुढे दिसू शकते.

हा उतारा मिळवणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीने आपल्याकडे नोंद असलेल्या माणसाला वर्षातून एकदा, अंकासह, पूर्ण अहवाल फुकट द्यावयाचा आहे. कंपन्या चार, तेव्हा दर तीन महिन्यांनी एकीकडून मागितला, तर वर्षभर पहारा राहतो. स्वतःचा अहवाल पाहिल्याने अंक घटतो, हा समज चुकीचा आहे.

मग धोका कोठे आहे? तो वाटेवर आहे. अहवालासाठी नाव, जन्मतारीख, पॅन आणि मोबाइल क्रमांक द्यावाच लागतो. आणि नेमके हेच ठगाला हवे असते. म्हणून समोरच्या दारानेच जावे. संदेशातून आलेल्या दुव्याला हात न लावता कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करावा. ओटीपी त्या पानावरच भरावा. फोनवर विचारणाऱ्याला, तो कितीही गोड बोलो, सांगू नये. फुकट अहवालाला कार्डाचा क्रमांक किंवा पिन लागत नाही. तो मागितला की आपण वाट चुकलो असे समजावे. सशुल्क योजना ठळक अक्षरांत असतात आणि फुकटची सोय शोधावी लागते, हेही ध्यानात असू द्यावे. सायबर कॅफेतील संगणकावर हे काम करू नये.

अहवाल हाती आल्यावर केवळ अंक पाहून तो मिटू नये. नाव, पॅन आणि पत्ते बरोबर आहेत काय? प्रत्येक खाते आपलेच आहे काय? फेडलेले कर्ज अजून थकलेले तर दाखवले नाही? आपण कधी न गेलेल्या संस्थेने चौकशी केली आहे काय?

चूक आढळली, तर कंपनीकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार करावी. तिला पैसे पडत नाहीत. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर २०२४ पासून लागू असलेल्या नियमाने दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचे दार आहे. कर्ज बनावट असेल, तर १९३० या क्रमांकावर तात्काळ कळवावे. मात्र ‘पैसे द्या, अंक वाढवून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही, आणि खोटी पुसून घ्यायला मध्यस्थ लागत नाही.

पत मिळवायला वर्षे लागतात. ती दुसऱ्याच्या वहीत सुखरूप आहे की नाही, हे पाहायला अर्धा तास पुरतो.